वेड सिद्ध करायचं कुणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मांडवीचा. रत्नागिरी शहरातली मांडवी, काळ्या वाळूची. आमच्या गावाची बाहेर ओळख दोन-तीन गोष्टींसाठी आहे. एक हापूस, दुसरी थिबा राजाचा राजवाडा आणि तिसरी ओळख आम्ही रत्नागिरीकर आपणहून सांगत नाही. तळकोकणात कुणी जरा विचित्र वागलं, की म्हणतात, "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया." पुण्याकडे येरवड्याचं नाव घेतात, मुंबईकडे ठाण्याचं, तसं इकडे आमचं. 1886 साली इथं मनोरुग्णालय सुरू झालं, राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. कॉलेजात असताना मी कोल्हापूरला होतो. गाव रत्नागिरी म्हटलं, की समोरचा हमखास विचारायचा, "कधी सोडलं?" मीही हसायचो. पुढं वकिली सुरू केली, सत्र न्यायालयात खुनाचे खटले चालवू लागलो, आणि ते हसू आटत गेलं. का, ते आज सांगायचं आहे.

वेडेपणाच्या बचावाबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सिनेमातलं चित्र असतं. आरोपी कोर्टात वेड्यासारखं हसतो, हुशार वकील एक डॉक्टर उभा करतो आणि आरोपी सुटून घरी जातो. इतक्या वर्षांत मी असं एकदाही पाहिलेलं नाही. उलट खरोखर आजारी असलेली माणसं हा बचाव सिद्ध करू न शकल्यामुळं जन्मठेपेवर गेलेली पाहिली आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 1843 साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या चिटणिसाला गोळी घालून मारलं. सरकारपक्षाचे लोक आपला छळ करताहेत, आपल्या मागावर आहेत, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ज्यूरीनं त्याला वेडा ठरवून निर्दोष सोडलं. इंग्लंडात गहजब झाला. मग उमरावांच्या सभागृहानं न्यायाधीशांनाच प्रश्न विचारले, की वेड म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं नेमकं काय? त्यांनी जी उत्तरं दिली, त्यांचा सारांश 1860 च्या आपल्या दंडसंहितेत कलम 84 म्हणून आला. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथं हेच कलम 22 झालं. आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच राहिला.

ते कलम म्हणतं, की कृत्य करतेवेळी, मन विकल झाल्यामुळं, आपण काय करतो आहोत हेच ज्याला कळत नव्हतं, किंवा जे करतो आहोत ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे ज्याला कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा होत नाही. यातले 'कृत्य करतेवेळी' हे दोन शब्द फार महत्त्वाचे. माणूस वर्षभर आजारी होता, त्यानंतरही आजारी आहे, एवढं पुरत नाही. त्या पाच मिनिटांत त्याच्या मनात काय होतं, हा प्रश्न. डॉक्टर ज्याला आजारी म्हणतील तो कायद्याच्या लेखी वेडा असेलच असं नाही. आणि एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती हटकून विचारतात. स्वतःच्या हौसेनं दारू ढोसून केलेल्या कृत्याला या कलमाचा आधार नाही.

हा फरक किती बोचरा असू शकतो ते रामन राघवच्या खटल्यात दिसलं. 1968 साली मुंबईच्या उपनगरांत रस्त्यावर, झोपडीत झोपलेल्या माणसांची डोकी फुटत होती. लोक रात्र-रात्र काठ्या घेऊन पहारे देत. 27 ऑगस्ट 1968 रोजी तो पकडला गेला. रमाकांत कुलकर्णींच्या नेतृत्वाखाली तपास चालू होता. सुरुवातीला तो बोलेचना. मग त्यानं कोंबडी खायला मागितली, तेल, कंगवा आणि आरसा मागितला, आणि मग बोलला, असं सांगतात. खटल्याच्या वेळी बचावपक्षानं तो वेडा असल्याचं सांगितलं. पोलीस सर्जननी जवळजवळ महिनाभर त्याला देखरेखीखाली ठेवलं आणि अहवाल दिला, की याला मनोविकार नाही. नायर रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ बचावाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं, याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आपण मारतो आहोत हे याला कळतं, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत नाही. दोघंही डॉक्टर, दोघांनीही त्याच माणसाला तपासलेलं.

सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. रामन राघवनं अपील करायला नकार दिला. फाशी कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयानं तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्यांनी पाच वेळा, दर वेळी दोन-दोन तास, त्याच्याशी बोलून पाहिलं. जग दोन आहेत, एक कानूनचं आणि एक हे आपलं, असं तो सांगायचा. आजार खरा आहे आणि बरा होण्यासारखा नाही, असा निष्कर्ष निघाला. फाशीची जन्मठेप झाली, ते 1987 साली. खून 1968 चे, हे लक्षात घ्या. येरवड्याच्या तुरुंगात तो राहिला आणि 1995 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकारानं वारला. म्हणजे वेड मान्य झालं, पण शिक्षा कमी करण्यापुरतं.

दुसरा खटला फारसा गाजला नाही. पण माझ्या मते प्रत्येक फौजदारी वकिलानं आणि प्रत्येक पोलीस अधिकाऱ्यानं तो वाचावा. महाराष्ट्र पोलिसातला एक शिपाई. निकालपत्रावर त्याचं नाव आहे, मी ते घेत नाही. पोलीस वसाहतीत राहत होता. 24 एप्रिल 1994 ला सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं. ती मोरीत कपडे धूत होती. त्यानं वाटपाचा दगड उचलून तिच्या डोक्यात घातला. दिवसाउजेडी, आजूबाजूला माणसं. पळाला नाही, लपला नाही, दगडही लपवला नाही. भांडणाचं कारण काय, तर त्याला नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि ती नको म्हणत होती.

खालच्या न्यायालयानं जन्मठेप दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. सरकारपक्षाचं म्हणणं सरळ होतं. हा राग आहे, वेड नव्हे. ऐकणाऱ्याला पटतंही. भांडण झालं, डोकं फिरलं, मारलं. आपल्या बोलीत 'डोकं फिरणं' हा एकच शब्दप्रयोग रागालाही आहे आणि वेडालाही, ही गंमत पाहा.

26 सप्टेंबर 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. कशाच्या आधारावर? त्याच्या वडिलांना मनोविकार होता. 1992 पासून, म्हणजे घटनेच्या दोन वर्षं आधीपासून, त्याच्यावर उपचार चालू होते आणि पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. घटनेनंतर 27 जून ते 5 डिसेंबर 1994 या काळात त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. खुनाला म्हणावं असं कारण नव्हतं. आणि पळून जायचा प्रयत्न नव्हता. त्या पाच मिनिटांत त्याच्या डोक्यात काय होतं याचा थेट पुरावा कुणाकडेच नसतो. मग आधीचं आणि नंतरचं पाहून मधलं ताडायचं. न्यायालयानं असंही सांगितलं, की राग होता म्हणून आजार नव्हता असं होत नाही, आजाराच्या झटक्यातही राग असू शकतो. हे एक वाक्य माझ्या लेखी फार मोठं आहे.

आता मला सांगा, या माणसाला कुणी वाचवलं? वकिलांनी, न्यायमूर्तींनी, खरंच आहे. पण त्याही आधी कागदांनी वाचवलं. सरकारी नोकरी, पोलीस खातं. आजारपणाच्या नोंदी आपसूक होत गेल्या. 1992 चा कागद होता, 1994 चे पंचवीस कागद होते.

आणि इथं मला माझीच एक केस आठवते. वकिलीच्या सुरुवातीची. किनाऱ्यावरचं एक गाव, नाव कशाला सांगू. तिशीच्या आतला मुलगा, त्यानं स्वतःच्या चुलत्याला कोयतीनं मारलं. चुलता आपल्या जेवणात काही घालतो, असं त्याच्या मनात बसलं होतं. वर्षभर घरचं जेवत नव्हता, शहाळी फोडून प्यायचा, कारण शहाळ्यात बाहेरून काही घालता येत नाही. आई माझ्याकडे आली. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं होतं? म्हणाली, हो, दोनदा. कागद? तर मुलाच्या बापानं ते चुलीत घातले होते. धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. कागद कुणाच्या हाती लागला असता तर सोयरीक मोडली असती. मग देवाला कौल लावला, भगताकडे नेलं, अंगारा आणला. अंगाऱ्याची पुडी मात्र तिनं जपून ठेवली होती, ती मला दाखवली. कोर्टात अंगारा पुरावा म्हणून दाखल करता येत नाही हो.

ज्या डॉक्टरांकडे नेलं होतं त्यांच्याकडे जुन्या नोंदी नव्हत्या. मग शेजारी साक्षीला आले. चांगली माणसं. आयुष्यभर त्या घराशी सलोखा. उलटतपासणीत मी विचारलं, हा वेड्यासारखा वागत होता ना? आणि ते म्हणाले, "छे छे, वेडा नव्हता, जरा तापट होता." घराण्याची अब्रू राखायला बोलले. चांगुलपणानं बोलले. त्या दोन शब्दांनी मुलाला जन्मठेप झाली. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. माझ्या हातात जे होतं त्यावर मीही दुसरा निकाल दिला नसता.

कायदा सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते कलम 105 होतं, नव्या साक्ष अधिनियमात 108 आहे. प्रत्येक माणूस शहाणा आहे असं न्यायालय गृहीत धरतं, नाही म्हणणाऱ्यानं दाखवून द्यावं. मात्र 1964 साली गुजरातच्या एका खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हा भार किती जड हे स्पष्ट केलं. सरकारला गुन्हा जसा निःसंशय सिद्ध करावा लागतो तसा आरोपीला वेड निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. तसं असण्याचा संभव अधिक आहे एवढं दाखवलं तरी पुरे. आणि तेही जमलं नाही, पण आरोपीच्या हेतूबद्दलच वाजवी संशय उभा राहिला, तरी त्याला सुटका मिळू शकते. ऐकायला सोपं आहे. पण ज्याचं डोकं ताळ्यावर नाही त्यानं, तुरुंगात बसून, आपलं डोकं ताळ्यावर नव्हतं याचा पुरावा गोळा करायचा, ही मूळची अडचण राहतेच.

म्हणून मला वाटतं पहिली जबाबदारी पोलिसांची. अटकेनंतर आरोपीला डॉक्टरकडे नेतात. आमच्या अनुभवात डॉक्टर पाहतो ते अंगावर जखमा आहेत का, दारू प्यायला आहे का एवढंच. मनाचं कुणी पाहत नाही. 2007 साली राजस्थानच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे, की आरोपीला आधी वेडाचा इतिहास असल्याचं तपासात दिसलं, तर लगेच त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढं ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तसं केलं नाही तर सरकारपक्षाच्या बाजूत मोठी त्रुटी राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो. 2023 मध्ये गोव्यातल्या एका खटल्यातही सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाखाली आरोपीला निर्दोष ठरवलं. तेव्हा दार बंद नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जे पाहिलं आणि लिहिलं जातं, ते दोन वर्षांनी कोर्टात उभं राहून तयार करता येत नाही.

तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, मेलेल्या माणसाचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. 25 जानेवारी 2012 ला पुण्यात स्वारगेट आगारातून संतोष माने या चालकानं एसटी बाहेर काढली आणि भर रस्त्यात नऊ माणसं मारली. त्याच्या वतीनं वेडाचा बचाव झाला, तो सगळ्या न्यायालयांनी नाकारला. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं फाशीऐवजी जन्मठेप दिली, पण दोषी तो राहिलाच. त्या नऊ घरांमधल्या कुणाला जाऊन मी कलम 84 समजावून सांगू शकेन असं मला वाटत नाही. माझ्या त्या केसमध्येही मेलेल्या चुलत्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात रोज बसायची. आरोपीची आई आणि ती, दोघी जावा, एकाच बाकाच्या दोन टोकांना. कलम 84 तिच्या नवऱ्याचं मरण नाकारत नाही. मारणाऱ्याला शिक्षा द्यायची की उपचार, एवढंच ते विचारतं.

कारण निर्दोष सुटला म्हणजे घरी गेला असं इथं होतच नाही. निकालात न्यायाधीशांना लिहावं लागतं, की कृत्य यानंच केलं आहे. मग त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं, बहुतेक वेळा मनोरुग्णालयात, किंवा नातेवाइकांनी जामीन देऊन जबाबदारी घेतली तर त्यांच्या स्वाधीन करायचं. किती दिवस याला मुदत नाही. आणि नातेवाईक येतातच असं नाही. खटला चालवण्याइतकाही जो शुद्धीवर नसतो त्याची गत तर आणखी वाईट. आसाममध्ये मचांग लालुंग नावाचा माणूस 1951 साली पकडला गेला आणि 2005 साली सुटला. 54 वर्षं. खटला चाललाच नाही. मनोरुग्णालयातून तुरुंगात आणि तुरुंगाच्या कागदात हरवून गेला. त्यापेक्षा शिक्षा झाली असती तर कितीतरी आधी बाहेर आला असता.

एक सुधारणा मात्र नोंदवायला हवी. 12 एप्रिल 2019 रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फाशी सुनावल्यानंतर कैद्याला गंभीर मनोविकार झाला तर फाशी देऊ नये असं म्हणायला तो आधार होऊ शकतो. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता, दोन लहान मुलींचा. तरीही निकालपत्रात त्याचं नाव नाही, नावाच्या जागी नुसतं 'आरोपी एक्स' असं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे म्हणून. मघाशी त्या शिपायाचं नाव मी घेतलं नाही, ते त्यामुळंच.

आणखी एक सांगतो, गैरसमज नको. मनोरुग्ण म्हणजे धोकादायक असं अजिबात नाही. बहुसंख्य रुग्ण आयुष्यात कुणाला बोटही लावत नाहीत, मार खातात ते तेच. आमच्या लहानपणी मांडवीच्या धक्क्यावर एक माणूस दिवसभर लाटा मोजत बसायचा. आम्ही पोरं त्याला खडे मारायचो. त्यानं कधी एक खडा परत मारला नाही. कुणाला मोजणी चुकल्याचं सांगायचा फक्त.

तर श्रोतेहो, घरात कुणाला असा आजार असेल तर उपचार हे पहिलं, त्यात वाद नाही. पण केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, रुग्णालयातून सोडताना देतात ते कार्ड, मेडिकलच्या दुकानाची बिलंसुद्धा, काहीही टाकू नका. पोलीस दारात आले तर पहिल्याच दिवशी आजार सांगा आणि लेखी सांगा. मॅजिस्ट्रेटपुढं नेल्यावर पुन्हा सांगा. वकील द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. आणि शेजाऱ्यांनो, साक्षीला बोलावलं तर जे पाहिलं तेच सांगा. 'जरा तापट' म्हणून कुणाचं भलं होत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतली एक बाई घरी आली. मासे विकते. तिच्या भावावर कितीतरी वर्षं उपचार चालू आहेत, आता बरा आहे, होडीवर जातो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली होती. वर रेशनकार्ड आणि खाली त्याचे सगळे कागद, दोरीनं बांधलेले, कडा ओलीनं फुगलेल्या. विचारत होती, "वकीलकाका, बारा वर्षांचे झाले, आता टाकले तर चालतील?" मी म्हटलं, "नको गं, राहू देत, आणि नवीन येतील ते पण ह्यातच ठेव." तिनं झाकण लावून पाहिलं, ते नीट बसेना. म्हणाली, "म्हणजे आता डबा मोठा घ्यायला हवा."